’एकु तामाइ, होकु फोहा: टोंगन भाषेत नात्यांचे स्वामित्व कसे विभागले जाते, याचे एक प्रकरण

प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवरचा माणूस आपल्या वडिलांना ‘’एकु तामाइ’ म्हणतो आणि आपल्या मुलाला ‘होकु फोहा’. दोन्हीकडे अर्थ ‘माझा’च, पण सर्वनामे दोन. ‘’एकु’ हे सर्वनाम तो आपल्या कुत्र्यासाठी, पुस्तकासाठी, पैशासाठी, कामासाठी वापरतो. ‘होकु’ हे आपल्या हातासाठी, घरासाठी, होडीसाठी, नावासाठी. म्हणजे व्याकरणाच्या हिशेबात वडील कुत्र्याच्या रांगेत आणि मुलगा हाताच्या.

माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची भाषा) किंवा हवाईयन शिकून टोंगनकडे वळलेल्या अभ्यासकाला इथे पहिला धक्का बसतो, कारण त्या दोन्ही भाषांत हे नेमके उलटे आहे. तिथे वडील ‘हाता’च्या वर्गात आणि मूल ‘कुत्र्या’च्या. या तिन्ही ज्या शाखेत येतात त्या पॉलिनेशियन भाषांच्या स्वामित्वाबद्दल पाठ्यपुस्तकांत जो नियम शिकवतात (ज्यावर ताबा चालतो तो एक वर्ग, ज्यावर चालत नाही तो दुसरा) तो हवाईयनमध्ये नात्यांना बराच लागू पडतो आणि टोंगनमध्ये वडिलांपाशीच अडखळतो. का अडखळतो, ते कसे तपासायचे आणि तपासताना कुठे फसगत होते, याची ही मांडणी आहे.

लिप्यंतराबद्दल आधी थोडे. ’ हे चिन्ह कंठ्य अडथळ्याचे, म्हणजे घशात श्वास क्षणभर अडवून काढलेल्या ध्वनीचे आहे. टोंगनमध्ये तो पूर्ण व्यंजन मानला जातो आणि त्याचे नाव ‘फाकाउ’आ’. ‘ङ’ हा संस्कृतातला नाकातला ङ. स्वर लांबवून उच्चारल्याने अर्थ बदलतो अशा ठिकाणी ऽ लावला आहे.

आधीची व्यवस्था

ओशियानिक भाषाकुळात, म्हणजे न्यू गिनीच्या किनाऱ्यापासून हवाई आणि ईस्टर बेटापर्यंत पसरलेल्या शेकडो भाषांत, ‘माझे’ म्हणण्याच्या दोन ठळक तऱ्हा आहेत. शरीराचे अवयव आणि नाती यांना प्रत्यय थेट चिकटतो. बाकीच्या वस्तूंना तो चिकटत नाही. मध्ये एक वेगळा शब्द घ्यावा लागतो आणि प्रत्यय त्या शब्दाला लागतो. फिजीयन भाषा याचा स्वच्छ नमुना आहे. ‘उलुंगु’ म्हणजे माझे डोके, ‘तामांगु’ माझे वडील, ‘तामामु’ तुझे वडील, ‘तामाना’ त्याचे वडील, ‘लुवेंगु’ माझे अपत्य. घर मात्र ‘नोंगु वाले’. तिथे ‘वाले’ला काही चिकटत नाही.

फिजीयनमध्येही सगळी नाती एका साच्यात बसत नाहीत. ‘आईवडील’ या जोडीला शब्द आहे ‘इतुम्बुतुम्बु’. तो वाढणे या अर्थाच्या ‘तुम्बु’ धातूपासून घडवलेला आहे. अशा घडीव शब्दाला प्रत्यय थेट लागत नाही, म्हणून ‘नोंगु इतुम्बुतुम्बु’ म्हणतात. वडील प्रत्ययाने, आई प्रत्ययाने, पण आईवडील मिळून ‘नोंगु’ने! नात्यातली जवळीक तीच आहे. फरक शब्दाच्या घडणीत आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, टोंगनमध्ये तीच मोठ्या प्रमाणावर दिसते.

मराठी वाचकाला असा भेद अगदीच परका नाही, फक्त आपल्याकडे तो दुसऱ्या जागी आहे. ‘माझा भाऊ’ आणि ‘माझी गाडी’ यांत सर्वनाम एकच. पण असण्याचे वाक्य केले की ‘मला एक भाऊ आहे’ आणि ‘माझ्याकडे गाडी आहे’ असे फुटते. ‘माझ्याकडे बहीण आहे’ म्हटले, तर ती सध्या मुक्कामाला आली आहे असा अर्थ होतो.

पॉलिनेशियन शाखेत हे प्रत्यय नात्यांवरून गळून पडले. त्यांचे अवशेष शब्दांत गोठलेले दिसतात. तुवालू आणि टोकेलाऊच्या भाषांत वडिलांना ‘तामाना’ म्हणतात. त्यातला ‘ना’ हा मूळचा ‘त्याचा’ हा प्रत्यय. त्यामुळे तिथे ‘माझे वडील’ म्हणताना व्युत्पत्तीच्या हिशेबाने ‘माझे त्याचेवडील’ असे काहीसे बोलले जाते, आणि कुणाला त्याची जाणीवही नसते. टोंगनमधल्या ‘तामाइ’चा शेवटचा ‘इ’ फिजीयनमधल्या ‘तामाइ जोने’ (जोनेचे वडील) या रचनेतल्या ‘इ’शी जोडला जातो.

प्रत्यय गेल्यावर या शब्दांना नवे घर हवे होते. पॉलिनेशियन भाषांत उरलेली घरे दोन: आ-वर्ग (टोंगनमध्ये ‘’एकु’चा, कुत्र्याचा) आणि ओ-वर्ग (‘होकु’चा, हाताचा). कोणते नाते कुठे गेले, हाच या प्रकरणाचा गाभा.

टोंगनमधली दोन घरे

टोंगन ही टोंगाच्या राज्याची भाषा. देशाची लोकसंख्या सुमारे एक लाख. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत स्थायिक झालेले बोलणारे वेगळे. या भाषेचे आजही आधार मानले जाणारे व्याकरण भाषाभ्यासक चर्चवर्ड यांनी १९५३ मध्ये दिले आणि त्यामागून १९५९ मध्ये शब्दकोश. त्यांनी दोन्ही वर्गांना ‘कर्तृवाचक’ आणि ‘कर्मवाचक’ अशा अर्थाची नावे दिली. ती नावे क्रियापदांपुरती चपखल आहेत: ‘’एने ताआ’इ’ म्हणजे त्याने मारणे, ‘होनो ताआ’इ’ म्हणजे त्याला मारले जाणे. पहिल्यात तो मारणारा, दुसऱ्यात मार खाणारा. हा फरक आजही जिवंत आहे. कुठल्याही नव्या क्रियापदावर तो चालवता येतो.

सर्वनामांचे कामापुरते रूप असे:

आ-वर्ग: माझा ’एकु, तुझा हो’ओ, त्याचा/तिचा ’एने, आमचा ’एमाउ, आपला ’एताउ, त्यांचा ’एनाउ.
ओ-वर्ग: माझा होकु, तुझा हो, त्याचा/तिचा होनो, आमचा होमाउ, आपला होताउ, त्यांचा होनाउ.

‘आमचा’ आणि ‘आपला’ हा भेद मराठीसारखाच आहे, त्यामुळे इंग्रजीतून शिकणाऱ्याला जिथे आठवडाभर घोकावे लागते तिथे मराठी माणूस सहज पुढे जातो. पण टोंगनमध्ये दोघांचे वेगळे द्विवचन आहे, ते इथे दिलेले नाही. नाम घेऊन बोलायचे तर आ-वर्गात ‘’आ’ आणि ओ-वर्गात ‘’ओ’: ‘तामाइ ’आ सिओने’ (सिओनेचे वडील), ‘फोहा ’ओ सिओने’ (सिओनेचा मुलगा).

नात्यांची मोजणी

टोंगन नाती समजायला मराठी उपयोगी पडते, तीही अर्धीच. वडिलांच्या बहिणीला टोंगनमध्ये वेगळा शब्द आहे, ‘मेहिकिताङा’, म्हणजे आपली आत्या. आणि टोंगन समाजात तिचा मान वडिलांच्याही वर. आईच्या भावालाही वेगळा शब्द आहे, ‘फा’एताङाता’, अक्षरशः ‘पुरुष-आई’. पण काका हा ‘तामाइ’च आणि मावशी ही ‘फा’ए’च, म्हणजे वडील आणि आई याच शब्दांत त्या बसतात. भावंडांत मराठीची मदत संपते. तिथे बोलणारा पुरुष की स्त्री यावर शब्द ठरतो. बोलणाऱ्याच्याच लिंगाचे भावंड (भावाचा भाऊ, बहिणीची बहीण) ‘तोकोउआ’. त्यातले मोठे ‘ता’ओकेते’, धाकटे ‘तेहिना’. बहिणीच्या दृष्टीने भाऊ ‘तुओङा’आने’, भावाच्या दृष्टीने बहीण ‘तुओफेफिने’. अपत्यांचेही तसेच: पुरुषाचा मुलगा ‘फोहा’, पुरुषाची मुलगी ‘’ओफेफिने’, आणि बाईचे मूल, मुलगा असो की मुलगी, ‘तामा’.

आता सर्वनामे लावून पाहू.

आ-वर्गात जातात: ’एकु तामाइ (वडील), ’एकु फा’ए (आई), ’एकु ओङो मातु’आ (आईवडील, ‘ओङो’ दोनपणा दाखवतो), ’एकु तामा (बाईचे मूल), ’एकु फानाउ (मुलेबाळे).

ओ-वर्गात जातात: होकु तोकोउआ, होकु ता’ओकेते, होकु तेहिना, होकु तुओङा’आने, होकु तुओफेफिने, म्हणजे झाडून सगळी भावंडे, होकु फोहा आणि होकु ’ओफेफिने (पुरुषाची अपत्ये), होकु माली आणि होकु होआ (जोडीदार), शिवाय होकु काइङा (गणगोत) आणि मित्रही, होकु काउमे’आ.

इंग्रजीतून आलेले ‘उआइफी’ (वाइफ), ‘हुसेपानिती’ (हजबंड), ‘फामिली’ हे शब्द बिनतक्रार ओ-वर्गात गेले. पाहुणा शब्द आपल्या अर्थाच्या शेजाऱ्यांकडे, माली आणि होआकडे, उतरला. म्हणजे अर्थाचे काहीच चालत नाही असे नाही. पण ते किती चालते, हे पुढे पाहू.

तीन भाषा, तीन मांडण्या

तुलनेसाठी हाताशी असलेला सर्वांत सोपा मजकूर म्हणजे बायबल. पॅसिफिकमध्ये मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ते भाषेभाषेत नेले. त्यातली दोन वाक्ये घ्यावीत: ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि ‘हा माझा प्रिय पुत्र’. एकात वडील, दुसऱ्यात मुलगा.

टोंगन: ‘’एमाउ तामाइ’ आणि ‘होकु ’आलो’. ‘’आलो’ हा थोरामोठ्यांच्या अपत्यासाठीचा आदराचा शब्द. पिता आ-वर्गात, पुत्र ओ-वर्गात.
सामोअन: ‘लो मातोउ तामाऽ’ आणि ‘लो’उ आतालि’इ’. दोन्ही ओ-वर्गात.
हवाईयन: ‘को माकोउ माकुआ’ आणि ‘का’उ केइकी’. पिता ओ-वर्गात, पुत्र आ-वर्गात.
आणि पॉलिनेशियन शाखेबाहेरची साक्ष म्हणून फिजीयन: ‘तामाइ केइमामि’, ‘लुवेंगु’. दोन्ही ठिकाणी प्रत्यय.

टोंगन आणि हवाईयन एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत आणि सामोअन मध्ये उभी आहे. ताहितीयनमध्ये पित्याला ‘तो मातोउ मेतुआ’ म्हणतात आणि माओरीत ‘तो मातोउ मातुआ’, दोन्ही ओ-वर्ग. म्हणजे वडिलांच्या बाबतीत टोंगन एका बाजूला आणि या बाकीच्या चारही दुसऱ्या बाजूला.

माओरीतल्या पुत्राच्या वाक्याबद्दल मात्र सावध राहावे. तिथे ‘ताकु तामा’ असे छापलेले आहे आणि पुष्कळ जण ते पटकन आ-वर्गात टाकतात. माओरीत माझा म्हणायला तीन रूपे आहेत: दीर्घ स्वराचे ‘ताऽकु’ हे आ-वर्गाचे, ‘तोऽकु’ हे ओ-वर्गाचे, आणि ऱ्हस्व ‘ताकु’ हे दोन्हीकडे चालणारे तटस्थ रूप. जुन्या छपाईत दीर्घचिन्हे नाहीत, त्यामुळे त्या ‘ताकु’वरून काहीच सिद्ध होत नाही. माओरीत मूल आ-वर्गात आहे हे खरेच आहे, पण त्याचा पुरावा दुसरीकडून घ्यावा.

स्पष्टीकरणे आणि ती कुठे तुटतात

पहिले स्पष्टीकरण ताब्याचे. भाषाभ्यासक ब्रूस बिग्ज यांनी माओरीसाठी ते ‘वरचढ’ आणि ‘अधीन’ अशा जोडीत मांडले: स्वामी वस्तूवर वरचढ असेल तर आ, अधीन असेल तर ओ. माओरीत वडील, आई, आजोबा, वडीलधारी माणसे ओ-वर्गात आणि मुले, नातवंडे आ-वर्गात, त्यामुळे चित्र सुबक दिसते. टोंगनमध्ये मूल वडिलांवर वरचढ ठरते आणि बाप मुलाच्या अधीन. टोंगाच्या समाजात असे कुणी म्हणणार नाही.

दुसरे स्पष्टीकरण जास्त धारदार आहे. भाषाभ्यासक विल्यम विल्सन यांनी १९८२ मध्ये प्रश्न असा फिरवला की ताबा आत्ता कुणाचा आहे हे विचारू नका, हा संबंध सुरू कुणी केला ते विचारा. स्वामीने सुरू केला असेल तर आ, नसेल तर ओ. आईबाप मी निवडले नाहीत, भावंडेही नाहीत: ओ. मूल मी जन्माला घातले: आ. नवरा-बायको मी केली: आ. हवाईयन आणि माओरीत हे चारही ठिकाणी बरोबर येते. हवाईयनमध्ये ‘का’उ वाहिने’ (माझी बायको), ‘का’उ काने’ (माझा नवरा) खरोखरच आ-वर्गात आहेत. घराचे, होडीचे, कपड्यांचे काय, यावर वाद घालता येतो, पण नात्यांपुरते हे स्पष्टीकरण आजवरचे सर्वांत चांगले.

टोंगनमध्ये ते चारपैकी तीन ठिकाणी पडते. आईबाप आ-वर्गात. पुरुषाची अपत्ये ओ-वर्गात. जोडीदार ओ-वर्गात. फक्त भावंडे शाबूत राहतात. ‘बाईचे मूल’ आ-वर्गात आहे म्हणून कुणी म्हणेल की जन्म बाई देते, बाप देत नाही, सबब फोहा ओ-वर्गात. ठीक, पण मग ज्या मुलाने आईला जन्म दिलेला नाही त्याने तिला ‘’एकु’ का लावावे?

तिसरे स्पष्टीकरण टोंगात काम केलेल्यांना सुचते, कारण तिथला समाज उतरंडीचा आहे: ओ म्हणजे मान आणि ‘तापु’, म्हणजे मर्यादा. बहीण भावाहून मानाने वर. वयात आलेले भाऊ-बहीण एका खोलीत झोपत नाहीत, एकमेकांसमोर अमुक विषय काढत नाहीत. ती ओ-वर्गात, पटते. पण वडीलही तापु आहेत. मुलाने बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, त्याच्या ताटातले उरलेले खायचे नाही, अशी रूढी. ते आ-वर्गात. आणि मुलगा, ज्याच्याशी अशी कसलीच मर्यादा नाही, तो ओ-वर्गात.

चौथे, जोडीचे: दोन माणसांतल्या एकाच नात्याची दोन टोके एकमेकांना पूरक वर्ग घेत असतील. बाप-मुलगा तपासा: मुलाकडून आ, बापाकडून ओ. छान. आई-मूल तपासा: मुलाकडून आ (’एकु फा’ए), आईकडूनही आ (’एकु तामा). भावंडे: दोन्हीकडून ओ. तीन नात्यांत तीन नमुने निघाले, त्यामुळे हेही सोडावे लागते.

इथवर आल्यावर खरा पुरावा समोर ठेवावा, कारण तो या सगळ्या चर्चेचा पायाच हलवतो. टोंगन बाप आपल्या एका मुलाबद्दल बोलताना ‘होकु फोहा’ म्हणतो. तोच बाप, त्याच मुलाला बाकीच्या भावंडांत धरून, ‘’एकु फानाउ’ म्हणतो. बाप तोच, मुलगा तोच, ताबा तोच, संबंधाची सुरुवात तीच. बदलला आहे फक्त शब्द, आणि शब्दाबरोबर वर्ग. ‘फानाउ’ हा जन्मणे, जन्म देणे या अर्थाचा धातूही आहे आणि त्याने आ-वर्ग घ्यावा यात नवल नाही. पण ते शब्दाच्या घडणीचे कारण झाले, नात्याचे नव्हे.

सामोअनमध्ये हाच प्रकार बायकोच्या बाबतीत दिसतो. ‘ला’उ आवाऽ’ म्हणजे माझी बायको, आ-वर्ग. ‘लो’उ तो’आलुआ’ म्हणजेही माझी बायको (किंवा नवरा), जरा सभ्य शब्द, ओ-वर्ग. घरात एकच बाई असते. पुरुष आपल्या मुलाला ‘लो’उ आतालि’इ’ आणि मुलाबाळांना ‘ला’उ फानाउ’ म्हणतो. बाई आपल्या मुलाला ‘ला’उ तामा’. म्हणजे पुरुषाचे अपत्य ओ, बाईचे अपत्य आ, मुलेबाळे आ, ही तिहेरी वाटणी टोंगन आणि सामोअन दोघींत सारखी आहे. वेगळे आहेत ते आईबाप.

आमचे मत यावरून स्पष्ट आहे: टोंगनमध्ये आ किंवा ओ हा नातेवाचक शब्दाचा गुण आहे, नात्याचा नाही. मराठीत ‘दगड’ पुल्लिंगी का आणि ‘शिळा’ स्त्रीलिंगी का, याचे उत्तर दगडात शोधत नाहीत, तसेच. अर्थाची ओढ असते, नव्या शब्दांना ती दिशाही देते (उआइफीचे उदाहरण वर आहेच), पण जुने शब्द आपापला वर्ग वारशाने घेऊन चालतात. ‘ताबा’ हा नियम क्रियापदांवर चालवावा, वस्तूंवर अंदाजासाठी वापरावा, नात्यांवर लादू नये.

मग टोंगनमध्ये वडिलांचा वर्ग बदलला की बाकीच्यांत? इथे कुळाची रचना आडवी येते. पॉलिनेशियन शाखेच्या मुळाशीच दोन फांद्या फुटतात: एकीवर टोंगन आणि नीउएअन (नीउए बेटाची भाषा), दुसरीवर सामोअन, माओरी, हवाईयन, ताहितीयन आणि उरलेल्या सगळ्या. भावंडे दोन्ही फांद्यांवर ओ-वर्गात आहेत, म्हणून ती मुळापासून तशी होती असे धरता येते. वडिलांबाबत दोन फांद्या दोन साक्षी देतात, आणि बरोबरी फोडायला हवी ती नीउएअन. तिने तर आ-ओ हा भेदच टाकून दिला. तिथे सगळ्याला ‘हाआकु’. दुसऱ्या फांदीवर भाषा कितीही जास्त असल्या तरी त्या सगळ्या मिळून एकच साक्ष होते, त्यामुळे मतमोजणी करून टोंगनला ‘अपवाद’ ठरवणे चुकीचे आहे.

तपासणी कशी करावी, आणि काय बिघडते

नातेवाचक शब्दांची यादी आधी बोलणाऱ्याचे लिंग धरून दोन भागांत करावी. वीस शब्द घेतले तर प्रत्येक शब्द तीन चौकटींत विचारावा: ‘माझा’, ‘त्याचा/तिचा’ आणि ‘सिओनेचा’. एका बोलणाऱ्यामागे साठ उत्तरे होतात. किमान एक पुरुष आणि एक स्त्री हवीच. एकाच व्यक्तीकडून सगळे भरून घेतले की अर्धी यादी ‘असे कुणी म्हणू शकेल’ या अंदाजावर उभी राहते.

‘तुझा’ ही चौकट मुद्दाम गाळली आहे. आ-वर्गात तुझा म्हणजे ‘हो’ओ’, ओ-वर्गात ‘हो’. मधला कंठ्य अडथळा लिहायचा राहिला की दोहोंत फरक उरतो फक्त एका ओकाराचा, आणि घाईच्या लिखाणात, फोनवरच्या संदेशांत, जुन्या कागदांत फाकाउ’आ सर्रास गाळलेला असतो. ‘’एने’ आणि ‘होनो’ यांची अशी गल्लत होत नाही, त्यामुळे तृतीय पुरुषी रूपावर जास्त भिस्त ठेवावी.

नावाची चौकट दुसऱ्या कारणाने फसवते. ‘’आ’ हे आ-वर्गाचे चिन्ह आहेच, पण ते वाक्यातल्या कर्त्यापुढेही येते. ‘को ए फाइआको ’आ सिओने’ म्हणजे ‘सिओने शिक्षक आहे’. त्याच साच्यात ‘को ए तामाइ ’आ सिओने’ टाकले की ‘सिओने हा बाप आहे’ आणि ‘हे सिओनेचे वडील’ असे दोन्ही अर्थ दिसू लागतात, आणि यादी भरणारा आनंदाने आ-वर्ग नोंदवतो. उत्तर योगायोगाने बरोबर येते, पुरावा मात्र चुकीचा. याच साच्यात ‘को ए फोहा ’आ सिओने’ मान्य झाले, की फोहाही आ-वर्गात गेला. उपाय साधा: नात्याचा शब्द दुसऱ्या क्रियापदाच्या वाक्यात बसवावा, जिथे कर्त्याची जागा आधीच भरलेली असेल. ‘सिओनेचे वडील जात आहेत’ असे वाक्य मागितले की सिओनेपुढचा ’आ किंवा ’ओ फक्त स्वामित्वाचाच असू शकतो.

इंग्रजी प्रश्नपत्रिका हे तिसरे संकट. ‘माय सन’ असे बाईला विचारले, तर ती मदत करायच्या भावनेने फोहा हा शब्द ओळखते, तो होकुबरोबर जातो हेही सांगते, आणि नोंद होते ‘स्त्री: होकु फोहा’. ती तसे आपल्या मुलाबद्दल म्हणत नाही; तिने शब्दाचे व्याकरण सांगितले. प्रश्न माणसावरून विचारावा: तुमच्या घरातला हा मुलगा, त्याला तुम्ही दुसऱ्यापुढे काय म्हणता? मग ‘’एकु तामा’ येते, किंवा ‘’एकु तामासि’इ’ (माझा छोकरा). हा दुसरा शब्द बापाच्या तोंडीही येऊ शकतो आणि आ-वर्गातच राहतो. तो फोहाचा ‘दुसरा वर्ग’ म्हणून नोंदवू नये. तो दुसरा शब्द आहे.

मायेने बोलताना सर्वनामाचे रूपच बदलते: ’एकुचे ‘सि’एकु’, होकुचे ‘सि’ओकु’, म्हणजे ‘माझे बिचारे, लाडके’. घाबरायचे कारण नाही, वर्ग आतल्या स्वरात टिकून असतो. लहान मुलांबद्दल आणि दिवंगतांबद्दल बोलताना ही रूपे फार येतात, म्हणून ध्वनिमुद्रणात ती वेगळी काढून मोजावीत. त्याचप्रमाणे ’इ, की, मेइ (‘-त’, ‘-कडे’, ‘-पासून’ अशा अर्थांचे) या शब्दांनंतर ’एकुचे ‘हे’एकु’ होते. तिथला ‘हे’ ऐकून ‘होकु’ समजणारे विद्यार्थी दर वर्गात निघतात.

छापील मजकुराचा वापर करताना बायबल सोयीचे आहे, पुरेसे नाही. त्यातला पिता देव आहे आणि पुत्रासाठी ‘’आलो’ हा दरबारी शब्द आहे. ‘’एमाउ तामाइ’ रोजच्या ‘’एकु तामाइ’शी जुळते म्हणून तो पुरावा धरता येतो; उलट दिशेने, फक्त प्रार्थनेवरून घरातली भाषा ठरवू नये.

नोंद कशी लिहावी

शब्दकोशात किंवा शिकवण्याच्या तक्त्यात ‘वडीलधारे ओ, लहान आ’ असली ओळ टोंगनसाठी लिहूच नये. प्रत्येक नातेवाचक शब्दापुढे चार गोष्टी द्याव्यात: बोलणारा कोण, वर्ग कोणता, तृतीय पुरुषी रूपासह एक उदाहरण, आणि त्याच व्यक्तीसाठी दुसऱ्या वर्गातला शब्द असेल तर तो. उदाहरणार्थ:

फोहा: पुरुषाचा मुलगा. ओ-वर्ग. होनो फोहा. त्याच मुलासाठी आ-वर्गात: ’एने फानाउ (भावंडांसह), ’एने तामासि’इ (बोलीत). आदरार्थी: होनो ’आलो.
तामा: बाईचे मूल, मुलगा किंवा मुलगी. आ-वर्ग. ’एने तामा. नुसता ‘मुलगा, पोरगा’ हाही अर्थ. तेव्हा वर्ग आ.
तामाइ: वडील, काका. बोलणारा कुणीही. आ-वर्ग. ’एने तामाइ. आईसह: ’एने ओङो मातु’आ. माओरी, सामोअन, हवाईयन, ताहितीयनमध्ये वडील ओ-वर्गात; त्या भाषांवरून इथले रूप बनवू नये.
माली: नवरा किंवा बायको. ओ-वर्ग. होनो माली. उआइफी आणि हुसेपानिती हेही ओ-वर्गात.